हूल आणि विषाणू : संगणकयुगातील खोट्या इशाऱ्यांचा इतिहास

खोट्या वार्तेसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. ‘अफवा’ हा अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेला शब्द मुळात ‘मुख’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन होय. अफवा म्हणजे अनेक मुखे. संस्कृत ‘किंवदन्ती’मध्ये ‘लोक काय बोलतात’ हा प्रश्नच नाम होऊन बसला आहे. आवई उठते, कंडी पिकते. वावडी मात्र उडवावी लागते, कारण वावडी म्हणजे पतंग, आणि पतंगाच्या दोरीमागे कोणाचा तरी हात असतो. या सर्वांहून ‘हूल’ निराळी आहे. संकट नसताना दिलेली संकटाची चाहूल म्हणजे हूल. अफवा ऐकणाराला काही सांगते. हूल त्याच्याकडून काही करवून घेते. हुलीने माणूस जागचा हलतो, धावतो, दार लावतो, शेजाऱ्याला हाक मारतो. ‘हुलकावणी’ या शब्दात हाच भाव अजून टिकून आहे. संगणकाच्या विषाणूंविषयी जे खोटे इशारे गेली तीन दशके जगभर फिरत आहेत, त्यांना मराठीत नाव द्यावयाचे तर ‘हूल’ याहून चपखल नाव सापडणे कठीण.

या हुलींचा विचार सामान्यतः तंत्रज्ञांकडे सोपविला जातो. तथापि त्यांत तंत्र फार थोडे असते. संगणकाचा विषाणू ही आज्ञावली असते. ती स्वतःच्या प्रती स्वतः काढते. विषाणूची हूल हा केवळ मजकूर असतो. तिच्या प्रती वाचणारा काढतो. एका बाबतीत यंत्र राबते, दुसरीत माणूस. म्हणून पहिल्याचा निदान-विचार संगणकशास्त्राने करावा हे योग्य. दुसरीचा मात्र भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

स्वतःची नक्कल करवून घेणारा संदेश ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. इ. स. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरल्या; ज्या चौकीदाराला त्या मिळत, त्याने तशाच आणखी भाजून पुढच्या गावांना द्यावयाच्या, एवढीच आज्ञा त्यांच्यासोबत असे. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, आणि अर्थ ठाऊक नसल्यामुळे त्यांचा प्रवास अडला असे दिसत नाही. विसाव्या शतकातील मराठी घरांना परिचित असलेले साखळी-पत्र हे त्याच जातीचे. देवतेचे नाव, तिच्या साक्षात्काराची हकीगत, ज्याने प्रती लिहून पाठविल्या त्याला झालेला लाभ, ज्याने पत्र फाडले त्याच्यावर कोसळलेली आपत्ती, आणि शेवटी ठरावीक संख्येने प्रती ठरावीक दिवसांत पाठविण्याची आज्ञा, अशी त्याची बांधणी असे. या पत्राला एक मर्यादा होती. पोस्टकार्डे विकत आणावी लागत, प्रत्येक प्रत हाताने लिहावी लागे, आणि लिहिता लिहिता विवेक जागा होण्यास थोडा अवसर मिळे. ई-मेलने हा अवसर नाहीसा केला.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच्या काही महिने आधीच, १९९४ च्या अखेरीस, अमेरिकेत या प्रकाराचा आद्य नमुना अवतरला होता. ‘गुड टाइम्स’ या नावाने तो ओळखला जातो. ‘गुड टाइम्स’ असा विषय असलेले पत्र आल्यास ते उघडू नये, उघडताच संगणकातील सर्व साठा पुसला जाईल, असे त्यात बजावले होते. पुढे त्याची वाढलेली आवृत्ती निघाली. तिच्यात अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा हवाला आला, आणि हा विषाणू संगणकाच्या प्रक्रियकाला एका अनंत द्विमान आवर्तात गुंतवून त्याची हानी करतो, असे अत्यंत भारदस्त परंतु निरर्थक वर्णनही आले. वस्तुतः तो आयोग संगणकाच्या विषाणूंविषयी इशारे देत नाही; ते त्याचे कामच नव्हे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील संगणक-सुरक्षा पथकाने डिसेंबर १९९४ मध्येच ही हूल असल्याचे जाहीर केले. तरीही ती पुढे कित्येक वर्षे फिरत राहिली. अभ्यासकांपैकी काहींनी त्या वेळी असे सुचविले की ‘गुड टाइम्स’ हाच खरा विषाणू होय, फक्त त्याचे आश्रयस्थान संगणक नसून वाचकाचे मन आहे. हे विधान विनोदाने केले गेले असले, तरी त्यात तथ्य आहे.

या मजकुराची रचना बारकाईने पाहिली म्हणजे पुढे आलेल्या शेकडो हुलींचा साचा हाती येतो. प्रथम कालवाचक शब्द पाहावेत. खऱ्या इशाऱ्यावर दिनांक असतो, कारण तो एका दिवशी निघालेला आणि काही दिवसांनी निरुपयोगी होणारा कागद असतो. हुलीत ‘काल’, ‘आज सकाळी’, ‘नुकतेच’ असे शब्द येतात. हे शब्द बोलणाऱ्याच्या क्षणाला चिकटलेले असतात; प्रत्येक नव्या प्रतीबरोबर त्यांचा ‘आज’ नवा होतो. त्यामुळे हूल कधीच शिळी होत नाही. १९९७ मध्ये लिहिलेला ‘काल’ दहा वर्षांनीही कालच राहतो. दुसरी गोष्ट कर्त्याची. आधार म्हणून घेतलेली नावे मोठी असतात, परंतु ती संस्थेची असतात, व्यक्तीची नव्हेत. आणि त्या संस्थेने हे कोठे, कोणत्या पत्रकात, कोणत्या क्रमांकाने म्हटले, ते कधीच सांगितलेले नसते. तिसरी गोष्ट विशेषणांची. ‘आजवरचा सर्वांत घातक’, ‘ज्यावर कोणताही उपाय नाही’ अशी अतिशयोक्ती खऱ्या तांत्रिक पत्रकात आढळत नाही. त्यात उलट कंटाळवाणेपणा असतो: कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीत दोष आहे, दुरुस्ती कोठे मिळेल, ती केली नाही तर काय होईल. उपायाविना इशारा काढणारी सुरक्षा-संस्था ही कल्पनाच विपरीत आहे. परंतु या सर्वांहून निर्णायक खूण आहे ती आज्ञार्थाची. हुलीतील प्रधान क्रियापद ‘सावध राहा’ हे नसून ‘सर्वांना पाठवा’ हे असते. साखळी-पत्राच्या शेवटच्या ओळीतून ते जसेच्या तसे येथे आले आहे. बाकीचा मजकूर या एका क्रियापदाचे वाहन होय.

एवढ्याने प्रकरण निरुपद्रवी ठरते काय? १९९४ च्या हुलीने लोकांचा वेळ आणि टपाल-यंत्रणेची शक्ती खाल्ली, याहून अधिक हानी केली नाही. २००१ मध्ये मात्र हुलीने पुढचे पाऊल टाकले. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत एक पत्र फिरले. त्याचा उगम ब्राझीलमध्ये झाला असे मानले जाते, कारण आरंभीच्या प्रती पोर्तुगीज भाषेत आढळल्या. ‘सल्फ्‌न्‌बीके’ अशा दुर्वाच्य नावाची फाइल आपल्या संगणकात शोधावी. ती सापडल्यास आपल्याला विषाणूची बाधा झाली आहे असे समजावे. १ जूनला तो जागा होईल, त्यापूर्वी ती पुसून टाकावी, आणि ओळखीच्या सर्वांना कळवावे, असे त्यात म्हटले होते. वाचक शोध घेई, आणि फाइल खरोखरच सापडे. का न सापडावी? ती विंडोज प्रणालीचाच एक भाग होती. फाइलींची लांब नावे पूर्ववत करण्याचे काम तिच्याकडे असे. पुढच्या वर्षी हाच प्रयोग जावा भाषेच्या एका साहाय्यक फाइलीवर झाला. तिचे चिन्ह टेडी बेअरचे, म्हणजे खेळण्यातील अस्वलाचे होते, आणि गंभीर यंत्रात हे खेळणे कसे आले या शंकेने अनेकांनी ती पुसली.

येथे हुलीचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. ‘गुड टाइम्स’वर विश्वास ठेवावा लागे, या पत्राने विश्वास मागितलाच नाही, त्याने पुरावा देऊ केला. स्वतः पडताळून पाहा, असे सांगणारा मनुष्य खोटा असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु पडताळा घेतला गेला तो फाइल आहे की नाही याचा. ती विषाणू आहे की नाही, याचा नव्हे. वैद्याने छातीवर हात ठेवून ‘आत काही धडधडते आहे ना? मग तो रोगच’ असे सांगावे, तसा हा प्रकार होता. आणि यात विध्वंसाचे काम करणारा हात वाचकाचाच होता. विषाणूने जे करावयाचे ते सारे येथे माणसाने केले: प्रतीही त्यानेच काढल्या, आणि फाइलही त्यानेच पुसली.

खऱ्या विषाणूंचा इतिहास याला समांतर चालतो, परंतु त्याचा स्वभाव वेगळा आहे. व्यक्तिगत संगणकावरील आद्य विषाणूंपैकी ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिला, आणि त्यात आपल्या दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घातला. असा स्वाक्षरी केलेला विषाणू पुढे क्वचितच आढळतो. ‘मायकेलॲन्जेलो’ हा ६ मार्च १९९२ रोजी लक्षावधी संगणक निकामी करणार, अशी भाकिते वृत्तपत्रांतून झाली. प्रत्यक्ष हानी काही हजारांपलीकडे गेली नाही. विषाणू खरा होता, भयाचे परिमाण खोटे होते. आणि या दोहोंतील अंतरातच पुढच्या हुलींचे बीज पेरले गेले. याच सुमारास पुण्यात कैलास काटकर गणकयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान चालवीत होते. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा प्रादुर्भाव वारंवार आढळू लागला, तेव्हा त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यांवर आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतून ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक उभे राहिले. महाराष्ट्रातील या उद्योगाचा जन्म दुरुस्तीच्या मेजावर झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे इशारा नव्हता. बिघडलेले यंत्र समोर होते.

१९९४ मध्ये जाणकार निःशंकपणे सांगत की केवळ पत्र वाचल्याने संगणकास बाधा होऊ शकत नाही. त्या वेळी ते खरे होते. परंतु ई-मेलच्या आज्ञावल्या जसजशा सोयीच्या होत गेल्या, तसतसे ते असत्य होऊ लागले. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ आला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘बबलबॉय’ने जोडलेली फाइल न उघडताही बाधा शक्य असल्याचे दाखविले. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेले प्रेमपत्र तर सर्वश्रुतच आहे: विषय प्रेमाचा, जोडलेली फाइल पत्रासारखी, नावात मजकुराची खूण, आणि त्या खुणेपुढे दडविलेली खरी खूण, जी आज्ञावलीची होती. ज्यांनी सहा वर्षे ‘हूल आहे, दुर्लक्ष करा’ असे सांगितले होते, त्यांचे सांगणे आता अपुरे ठरले. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सांगताना ओरडणाऱ्या मुलाच्या शिक्षेवर भर दिला जातो. मेंढ्या मात्र गावाच्या होत्या, हे विसरले जाते.

खरे आणि खोटे एकाच आठवड्यात कसे येतात, याचे उदाहरण मे २०१७ मध्ये मिळाले. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू १२ मे रोजी जगभर पसरला. तो ज्या दोषातून शिरत होता, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती केली ते वाचले. त्याच दिवसांत भारतात भ्रमणध्वनीवर मात्र दुसराच मजकूर फिरत होता: एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, आणि नृत्याची अमुक एक चित्रफीत उघडल्यास यंत्र नष्ट होणार. दुरुस्ती करा, हे वाक्य त्या मजकुरात सहसा नसे. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ने जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. तो युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून शिरला होता. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बनावट कार्डांवर २८ देशांतून काही तासांत पैसे काढले गेले. या दोन्ही प्रसंगांपूर्वी कोणत्याही समूहावर कोणताही सावधगिरीचा संदेश फिरला नव्हता. हूल गाजावाजा करीत येते. विषाणू बहुधा चोरपावलांनी येतो.

ई-मेलवरील हूल भ्रमणध्वनीवर आली, आणि इंग्रजीतून मराठीत उतरली, तेव्हा तिचा विषय बदलला. बांधणी बदलली नाही. संगणक पुसणाऱ्या विषाणूच्या जागी मुले पळविणारी टोळी आली. ‘काल’ आणि ‘आपल्या भागात’ हे दोन शब्द तेच काम करीत राहिले. ‘आपल्या भागात’ हे स्थलवाचक पद तर जेथे वाचले जाईल त्या गावाचे होई. त्या काळी देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कापलेला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडा बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने या संशयावरून ठार मारले. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा अशाच अफवांच्या वातावरणात बळी गेला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास प्रतिबंध केला. पोस्टकार्डाच्या काळातील श्रमाची मर्यादा अशा रीतीने कृत्रिमपणे परत आणावी लागली, हे या इतिहासातील एक विलक्षण वळण होय.

‘विषाणू’ हे संगणकाच्या बाबतीत रूपक होते; २०२० मध्ये ते रूपक आपल्या मूळ घरी परतले. ठाणे शहरालगत, भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, खाडीच्या अंगाला असलेल्या बाळकुममध्ये, साकेत परिसरातील एका मोठ्या इमारतीत ठाणे महानगरपालिकेने जून २०२० मध्ये सुमारे १,००० खाटांचे कोविड रुग्णालय उभे केले. त्याच काळात समाजमाध्यमांवर एक संदेश फिरत होता: प्रत्येक करोनाबाधितामागे पालिकेला दीड लाख रुपये मिळतात, म्हणून निरोग्यांनाही बाधित ठरविले जाते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. या संदेशाची वंशावळ शोधू गेल्यास ती १८९६ च्या मुंबईत पोहोचते. प्लेगच्या त्या पहिल्या हंगामात, रुग्णालयात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्यापासून ‘मोमियाई’ हे औषध काढले जाते, अशी वदंता होती. आणि ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. १८९६ च्या भयामागे परक्या सरकारची सक्ती होती, ही बाब विसरता येणार नाही. अफवा खोटी असली तरी अविश्वासाला कारण होते. दोन्ही वेळी मजकुराने एकच गोष्ट केली: जेथे आजाऱ्याने जावयाचे, त्याच दाराची भीती घातली. ज्या फाइलीने संगणक चालतो तीच पुसावयास लावणाऱ्या २००१ च्या पत्राशी याचे साम्य नजरेत भरते.

आणि २०२१ मध्ये दोन्ही धारा एकत्र आल्या. लसीकरणाची नोंदणी करून देण्याच्या आमिषाने भारतात लघुसंदेश फिरले. त्यांतील दुव्यावरून उतरविलेले बनावट ॲप भ्रमणध्वनीतील सर्व क्रमांकांना तोच संदेश आपण होऊन पाठवी. येथे मजकूर हुलीचा होता आणि प्रती काढणारे यंत्र विषाणूचे. आता पुढे पाठविण्याची विनंतीही लागत नव्हती. त्यामुळे वर सांगितलेली निर्णायक खूण, ‘सर्वांना पाठवा’ हे आज्ञार्थी क्रियापद, या नव्या प्रकारात गळून पडते, आणि त्याची जागा दुसरे आज्ञार्थी रूप घेते: ‘येथे दाबा’. केवळ जुन्या खुणांवर विसंबणाऱ्या सावधगिरीचे येथे चालत नाही. ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आले, हा तर पुरावाच उरत नाही. तो माणूस आधीच बाधित झालेला असू शकतो, आणि त्याला त्याची वार्ताही नसते.

खऱ्या इशाऱ्याचा ठिकाणा मात्र आज शोधावा लागत नाही. भारत सरकारचे ‘सर्ट-इन’ हे पथक जानेवारी २००४ पासून काम करीत असून त्याच्या पत्रकांवर दिनांक, क्रमांक आणि उपाय ही तिन्ही असतात. ती रूक्ष असतात, आणि कोणी ती उत्साहाने दहा समूहांवर पाठवीत नाही. कोणत्याही भयसूचक मजकुरातील मुख्य नाव घेऊन ‘सर्ट-इन’कडे अथवा विषाणूरोधक संस्थांच्या नोंदींत ते शोधले, तर दोन मिनिटांत उलगडा होतो, सल्फ्‌न्‌बीकेच्या बाबतीतही तो २००१ मध्येच होऊ शकत होता. प्रणालीची दुरुस्ती वेळेवर करणे आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत यंत्रापासून तोडून ठेवणे, या दोन कंटाळवाण्या सवयींनी वॉनाक्रायपासून जितक्यांना वाचविले, तितक्यांना कोणत्याही अग्रेषित संदेशाने वाचविले नाही. प्रबंधाची एकुलती एक प्रत विभागाच्या सामाईक संगणकावर ठेवणाऱ्या संशोधकाला हे वेगळे सांगावयास नको. पण सांगावे लागते, असा अनुभव आहे. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम वाटेत अडविली जाण्याचा संभव असतो. उशीर होईल तितका तो कमी होतो.

अलीकडे पोलिसांनी ज्याविषयी वारंवार सावध केले आहे, तो नमुना लग्नपत्रिकेचा आणि वाहतूक-दंडाच्या पावतीचा आहे. परिचिताच्या क्रमांकावरून ‘लग्नाला यावे’ असा मजकूर येतो, आणि खाली फाइल असते. मनिलाच्या प्रेमपत्राप्रमाणेच येथेही नावाचा आरंभ निमंत्रणाचा असतो आणि शेवट निराळा: पूर्णविरामानंतरची ‘एपीके’ ही तीन अक्षरे ती ॲप असल्याचे सांगतात. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपाने येते. ती फोनमध्ये ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही.